शैवाक पाहण्यासाठी दहा पटींचे भिंग: दोन पावसाळ्यांचा अनुभव

झाडाच्या खोडावरचे पांढुरके, राखाडी डाग म्हणजे झाडाला लागलेला रोग, असा समज आमच्या खानापूर तालुक्यात सर्रास आढळतो. तो रोग नसून बुरशी आणि शैवल यांच्या सहजीवनातून घडलेला शैवाक आहे, मसाल्यातल्या दगडफुलाचाच भाऊबंद आहे, हे मी वाचले होते; डोळ्यांनी पाहिले ते बेळगावातून साडेचारशे रुपयांना आणलेल्या घडीच्या भिंगातून.

जांबोटीजवळच्या एका बागेत सुपारीच्या खोडावर भिंग धरले, तेव्हा एरवी शाईचे फराटे वाटणाऱ्या काळ्या रेघा उलगडल्या. प्रत्येक रेघेला दोन ओठ होते आणि मधोमध बारीक फट होती. या रेघा म्हणजे बुरशीची फळे. त्या फटीतूनच बीजाणू बाहेर पडतात. हे शैवाक ग्राफिडेसी या उष्ण कटिबंधात विपुल असलेल्या कुळातले असून त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सोबतीला ट्रेंटेपोहलिया हे शैवल असते, त्यामुळे पृष्ठभाग नखाने किंचित खरवडला की आत पिवळसर नारिंगी छटा दिसते. (खरवडणे एकदाच पुरे, शैवाक फार सावकाश वाढतो.) त्या दिवशी मी भर पावसात अर्धा तास त्याच खोडापाशी उभा होतो.

जात ओळखणे मात्र या भिंगाच्या आवाक्याबाहेरचे आहे. कोरा नावाचा अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातला शैवाक, जो अँडीजच्या उंच माळांवरही वाढतो, दीर्घकाळ एकच जात मानला जात होता. २०१४ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून त्यात १२६ जाती वेगळ्या निघाल्या आणि एकूण संख्या ४०० च्या पुढे असावी असा अंदाज बांधला गेला. म्हणून कणकुंबीच्या रानातल्या ठिपक्याला घाईने नाव देऊ नये, असे मला वाटते.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून खोडापासून इंचभर अंतरावर धरावे, तरच चित्र स्पष्ट येते. वीस-तीस पटींच्या भिंगाच्या मोहात पडू नये. त्यात उजेड कमी पडतो आणि हात जरा हलला की सारे निसटते. माझ्या भिंगात कडेला निळसर झाक येते, ती चालते. बिजागरीचा स्क्रू मात्र दुसऱ्याच महिन्यात सैल झाला आणि आषाढात काचेवर बुरशी धरली. तेव्हापासून ते सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो.