८३० छापाचा स्वस्त मल्टीमीटर: कूलरपुरता चालेल, वायरी तेवढ्या बदला

नागपूरच्या बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हा दोन-तीनशेच्या आसपास मिळतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, बंद पडलेल्या कूलरचं दुखणं शोधायला एवढा बस. २३० व्होल्टला तो २२६ दाखवेल; बिघाड शोधताना त्यानं काही अडत नाही.

सोबतच्या वायरी मात्र टाकाऊ. इन्सुलेशन पातळ, पिन मुळाशी तुटते. १००० व्होल्टच्या चांगल्या वायरी आणि एक क्रोकोडाइल क्लिप वेगळी घ्या. घरच्या लाइनवर रेंज एसी ७५०च, २०० नाही. लाल वायर मधल्या भोकात. ती वरच्या १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि पिना सॉकेटला लागल्या तर थेट शॉर्ट, तिथे फ्यूजही नसतो.

कूलरची टाकी रिकामी करा, पंपाची वायर सोडवा, प्लग काढूनच कव्हर उघडा. काळ्या वायरची क्लिप न्यूट्रलला अडकवा, मग प्लग लावा आणि लाल पिन एकाच हातानं फिरवा. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासलेला हवा. स्विच ऑन असताना आत येणाऱ्या टोकाला २३० आणि बाहेरच्या टोकाला शून्य, म्हणजे स्विच जळला. मोटरच्या टोकांना पूर्ण व्होल्टेज आहे, ती नुसती गुणगुणते, तर कपॅसिटर गेलाय किंवा बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो) जाम झालाय. हा मीटर कपॅसिटर मोजत नाही; त्याच मायक्रोफॅरडचा नवा लावून पाहणं सोपं. पंपात बहुतेकदा क्षार अडकलेले असतात. प्लग काढून पंपाच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. सर्वांत मोठ्या रेंजवरही डावीकडे नुसता १ दिसला तर वाइंडिंग तुटलं.

तुटलेल्या वायरवरही हा ५०-८० व्होल्ट दाखवतो. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून शेजारच्या फेजचा परिणाम त्यात उतरतो. त्या वायर आणि न्यूट्रलमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब लावा. खोटं व्होल्टेज लगेच कोसळतं.

बॉडीला करंट येत असेल तर बॉडी आणि अर्थिंगमध्ये मोजा. पंप जोडल्यावरच आकडा चढत असेल तर पंपातून करंट लीक होतोय. तो बदला, पण सॉकेटचं अर्थिंगही तपासा: फेज-अर्थ २३०च्या जवळ हवं. ते धड असतं तर बॉडीवर एवढं व्होल्टेज टिकलंच नसतं.

मीटरवर कॅट ३ (इमारतीच्या वायरिंगवर, बोर्डांवर वापरायचा सुरक्षेचा दर्जा) छापलेलं असलं तरी मीटरबोर्डावर हा लावू नका.