अल्सरसाठी पॅन्टोप्राझोल, फॅमोटिडिन की सुक्राल्फेट?

जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण, म्हणजे अल्सर, असल्याचे निदान झाले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा पॅन्टोप्राझोल, फॅमोटिडिन किंवा सुक्राल्फेट यांपैकी एखादे नाव येते. त्याच दुखण्यासाठी ओळखीतले कोणी दुसरेच औषध घेत असल्याचे कळले, की आपल्याला दिलेले बरोबर आहे ना, ही शंका मनात येते. औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. तरीही या औषधांत फरक काय आणि आपल्या बाबतीत कोणत्या गोष्टींमुळे निवड बदलू शकते, हे रुग्णाला ठाऊक असले तर तो योग्य माहिती देऊ शकतो आणि योग्य प्रश्नही विचारू शकतो.

तुलना करण्याआधी कारणाकडे पाहावे लागते. तिखट खाणे आणि काळजी करणे यांनीच अल्सर होतो, ही समजूत अजूनही घरोघरी आहे. प्रत्यक्षात बहुतेक अल्सर दोन कारणांनी होतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू हे त्यातले एक. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामके हे दुसरे कारण. जंतू असेल तर साधारण १४ दिवस प्रतिजैविके आणि त्यांच्या जोडीने आम्ल कमी करणारी गोळी असा पूर्ण उपचार करावा लागतो. केवळ आम्ल कमी करत राहिल्यास व्रण भरतो, पण जंतू तिथेच राहतो आणि अल्सर पुन्हा उलटण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे ‘कोणती गोळी चांगली’ याआधी ‘माझी जंतूची तपासणी झाली आहे का’ हे विचारायला हवे, असे मला वाटते.

पॅन्टोप्राझोल आणि ओमेप्राझोल एकाच गटातली आहेत. जठरातल्या पेशी ज्या ‘पंपा’तून आम्ल बाहेर टाकतात, तो पंपच ही औषधे बंद पाडतात, आणि तिन्ही पर्यायांत व्रण भरून आणण्यात हा गट सर्वांत प्रभावी आहे. आतड्यातल्या व्रणासाठी साधारण ४ आठवडे आणि जठरातल्या व्रणासाठी ८ आठवडे गोळी दिली जाते. मात्र तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी दुखणे थांबले नाही तर औषध निकामी ठरवू नये. वेळेचे महत्त्व इथे सर्वाधिक आहे. खाण्यामुळे पंप जागे होतात आणि जागे झालेले पंपच औषध बंद करू शकते, त्यामुळे गोळी अनशापोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. सकाळी सातला गोळी आणि चहा घेऊन थेट दुपारी बाराला जेवणाऱ्या माणसाला तिचा निम्मासुद्धा उपयोग झाला नाही तर नवल नाही. अशांनी गोळीची वेळ आपल्या पहिल्या खऱ्या खाण्याशी जुळवावी, आणि चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. गोळीवरचे आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवते, म्हणून ती चावू किंवा कुटू नये.

याच गटात कोणते औषध निवडायचे हा प्रश्न हृदयविकाराच्या रुग्णांसाठी फार महत्त्वाचा आहे. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळावे, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने दिलेला आहे, कारण यकृतात क्लोपिडोग्रेल कार्यक्षम होण्याच्या प्रक्रियेत ही दोन्ही औषधे अडथळा आणतात. पॅन्टोप्राझोलचा हा अडथळा बराच कमी असतो. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. चिठ्ठीत साधे पॅन्टोप्राझोल असते आणि मेडिकलमधून ‘पॅन-डी’सारखे, डॉम्पेरिडॉन मिसळलेले कॅप्सूल घरी येते. डॉम्पेरिडॉन हे मळमळीचे औषध आहे, अल्सरचे नाही. काही रुग्णांत ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, आणि युरोपीय नियामकाच्या सल्ल्यानुसार ते साधारणपणे आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये. पट्टीवरचे नाव चिठ्ठीशी अक्षरशः ताडून पाहणे हाच यावर उपाय.

फॅमोटिडिन वेगळ्या वाटेने काम करते. आम्ल तयार करण्याचा हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाचा संदेश ते अडवते, तासाभरात परिणाम दाखवते आणि एका मात्रेचा परिणाम १० ते १२ तास टिकतो, त्यामुळे रात्री झोपताना घ्यायला ते सोयीचे आहे. जेवणाच्या वेळेची सक्ती नाही, आणि क्लोपिडोग्रेलशी वरच्यासारखा झगडाही नाही. पण व्रण भरण्यात ते पॅन्टोप्राझोलच्या मागे पडते, रोज घेतल्यास त्याचा जोर ओसरत जातो, आणि वेदनाशामकांमुळे जठरात होणाऱ्या व्रणापासून नेहमीच्या मात्रेत पुरेसे संरक्षण देत नाही. मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा कमी करावी लागते. ती न केल्यास वयस्कर माणसांना भ्रम किंवा गोंधळलेपण येऊ शकते. याच गटातल्या रॅनिटिडिनमध्ये कर्करोगकारक मानली जाणारी अशुद्धी आढळल्याने २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढायला सांगितले गेले, आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले. घरात जुनी पट्टी उरली असेल तर ती वापरू नये.

सुक्राल्फेट आम्ल फारसे कमी करत नाही. व्रणावर चिकटून लेप धरते. रक्तात ते अत्यल्प शोषले जाते, ही त्याची जमेची बाजू. मात्र ते बहुधा दिवसातून चार वेळा, रिकाम्या पोटी घ्यावे लागते, बद्धकोष्ठ होऊ शकते, आणि त्यात ॲल्युमिनियम असल्याने मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात जपून वापरावे लागते. थायरॉइडची गोळी, सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक, फेनिटॉइन हे फिट्सवरचे औषध यांचे शोषणही ते अडवते, म्हणून मध्ये काही तासांचे, थायरॉइडच्या गोळीसाठी किमान चार तासांचे, अंतर ठेवावे लागते. दिवसभरात आधीच पाच-सहा गोळ्या घेणाऱ्याला हे वेळापत्रक सांभाळणे खरोखर अवघड जाते. वेदनाशामके थांबवता येत नसतील तर कधी जठराच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या मिसोप्रोस्टोलचाही विचार होतो. परंतु त्याने गर्भपात होऊ शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने अल्सरसाठी ते घेऊ नये.

एकंदरीत, निदान झालेल्या अल्सरसाठी आणि गुडघेदुखीच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागणाऱ्यांसाठी माझे मत पॅन्टोप्राझोलच्या बाजूने आहे. फॅमोटिडिन सौम्य किंवा रात्रीच्या त्रासाला पुरेसे ठरू शकते, तर सुक्राल्फेट सहसा दुय्यम पर्याय म्हणून शोभते. पॅन्टोप्राझोलची अडचण परिणामापेक्षा मुदतीत आहे. ८ आठवड्यांची गोळी दोन-तीन वर्षे चालू राहते, कारण थांबवल्यावर आम्ल काही काळ उसळी मारते आणि रुग्णाला वाटते की आजारच परतला. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होणे, हाड मोडण्याची जोखीम वाढणे आणि आतड्याचे काही संसर्ग यांच्याशी या गटाचा संबंध दिसून आला आहे. कधी आणि कशी थांबवायची, ही तारीख चिठ्ठीवरच लिहून घेतलेली बरी. काही डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. मात्र रक्त पातळ करणारे औषध किंवा वेदनाशामक चालू असताना संरक्षणासाठी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नये.

कोणतेही औषध चालू असताना शौचास डांबरासारखी काळी होणे, रक्ताची उलटी, चक्कर, किंवा एकाएकी पोट फाटल्यासारखे दुखणे ही लक्षणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्या आणि बिस्मथ (जंतूच्या उपचारात कधी दिले जाणारे औषध) यांनीही शौच काळी होते, त्यामुळे ती चालू असल्यास तेही तिथे सांगावे. वजन घटत असेल किंवा गिळताना अडत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये, कारण या गोळ्यांनी जठराच्या कर्करोगाची लक्षणेही काही काळ दबू शकतात. जंतूचा उपचार संपल्यावर तो गेला की नाही हे श्वासाच्या तपासणीने पाहतात. तपासणीआधी प्रतिजैविके थांबून किमान ४ आठवडे आणि पॅन्टोप्राझोल थांबून २ आठवडे झालेले असावे लागतात, नाहीतर जंतू असूनही अहवालात ‘नाही’ येऊ शकते.