चेंडू दाबणे की मूठ आवळून धरणे?
हातात रक्त खेळते ठेवायचे तर मऊ चेंडू दाबत-सोडत राहणे सरस. २ सेकंद दाबा, २ सेकंद बोटे पूर्ण उघडा. असे १०-१५ वेळा. दाबताना स्नायू शिरांतले रक्त हृदयाकडे ढकलतात, झडपा ते मागे येऊ देत नाहीत. सैल सोडताच धमन्यांतून ताजे रक्त आत येते. म्हणूनच बोटे अर्धवट उघडणे ही खरी चूक.

ग्रिपर (मुठीत दाबायचे स्प्रिंगचे साधन) आवळून धरला की ताठरलेला स्नायू रक्तवाहिन्या चेपतो. प्रवाह अडतो, सोडल्यावरच उसळतो. पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोराने २ मिनिटे, ४ वेळा, हा प्रकार रक्तदाब उतरवण्यासाठी वापरतात. पण श्वास रोखलात तर दाब झटकन चढतो.

एकच हात अचानक सुजला तर दोन्ही व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठा.