साधी तपासणी की थेट टीएमटी?

चाळिशी आली की नागपुरात दोन सल्ले हमखास मिळतात: बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, नाहीतर पॅकेज घेऊन टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) उरकून टाका.

त्रास नसलेल्या माणसासाठी मी पहिल्याच्या बाजूने आहे. रक्तदाब 140/90 च्या वर असतो, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्क्यांच्या पुढे जातं, तरी काहीच जाणवत नाही. सकाळी अंबाझरी तलावावर चकरा होतात, रविवारी झणझणीत सावजी जेवण होतं, आणि आत रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत राहतात. याच काळात पकडलं तर गोळ्या, कमी मीठ आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणं, एवढ्याने धोका बराच घटतो. (खर्रा खरंच सोडा, कृपा करून.) तिशीनंतर बीपी-शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत, पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा. धावतपळत जाऊन मोजलेला आकडा फसवतो.

टीएमटीत पट्ट्यावर चालवतात, वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवतात, सोबत ईसीजी चालू असतो. रक्तपुरवठा अडण्याइतकी हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तरच बिघाड दिसतो. तिच्यातले चरबीचे लहान साठे नजरेतून सुटतात. उलट काहींचा, विशेषतः बायकांचा, रिपोर्ट उगाच बिघडलेला येतो आणि पुढच्या तपासण्यांचा फेरा सुरू होतो. जिना चढताना छाती दाबल्यासारखी होते, थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. टीएमटी लागेल का ते तेच ठरवतील. वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही सांगा.