अझ्युअर आर्क काही महिने वापरल्यावर: जोडणी सोपी, हक्क कुणाला द्यायचे हेच खरं काम

आपल्याच सर्व्हर-रूममधली विंडोज आणि लिनक्स मशीन मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडच्या पोर्टलवर एका यादीत आणायची आणि पॅच, लॉग, पॉलिसी हे सगळं तिथूनच बघायचं, एवढ्यासाठी आर्क. पहिल्या आठवड्यात ती एकत्र यादीच फार आवडते. काही महिन्यांनी मात्र लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे जातं.

एजंट (सर्व्हरवर बसवायचा आर्कचा छोटा प्रोग्राम) टाकून मशीन जोडायला पाच-दहा मिनिटं पुरतात, पण नेटवर्कची तयारी आधी झालेली असेल तरच. बाहेरून आत काहीही उघडावं लागत नाही. आतून बाहेर फक्त ४४३ पोर्ट लागतो. अडचण पत्त्यांच्या यादीची. लॉगिन, रिसोर्स मॅनेजर (अझ्युअरमधल्या साधनांचा कारभार बघणारी सेवा), आर्कची ओळख सांभाळणारी सेवा, गेस्ट कॉन्फिगरेशन (मशीनच्या आतली सेटिंग तपासणारी सेवा) आणि एक्स्टेंशनच्या (एजंटमार्फत बसणारे जोड-प्रोग्राम) फाइल्स उतरवण्याची जागा, या सगळ्यांना फायरवॉलमध्ये वाट हवी. पहिल्या तीनच उघडल्या तर पोर्टलवर सर्व्हर ‘कनेक्टेड’ दिसतो आणि एक्स्टेंशन मात्र तासन्‌तास अडकून राहतं. म्हणून जोडण्याआधी ‘एझेडसीएमएजंट चेक’ (azcmagent check) ही कमांड चालवाच. तीत सगळं ठीक दिसलं तरी लॉगची वाट मोकळी आहे असं धरू नका, कारण लॉग गोळा करणारा वेगळा मॉनिटर एजंट ज्या पत्त्यांवर लॉग पाठवतो ते वेगळे आहेत.

प्रॉक्सीमागच्या (बाहेरची वाहतूक मधल्या सर्व्हरमधून जाते अशा) लिनक्सवर हमखास एक चूक होते. शेलमध्ये प्रॉक्सीचं व्हेरिएबल असतं, कर्ल (वेब-पत्ता उघडून बघायची कमांड) व्यवस्थित चालतं आणि एजंट तरीही बाहेर पडत नाही. सिस्टमडीने (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) सुरू केलेल्या सर्व्हिसपर्यंत तुमच्या शेलची व्हेरिएबल्स पोचत नाहीत. प्रॉक्सी एजंटच्याच कॉन्फिगमध्ये लिहायची. प्रॉक्सी टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली वाहतूक) उघडून तपासत असेल तर आर्कचे पत्ते त्या तपासणीतून वगळून घ्या. रूट सर्टिफिकेट ओळखीचं नसलं की एजंट बोलणंच थांबवतो.

अनेक मशीन एकदम जोडताना सर्व्हिस प्रिन्सिपल (माणसाऐवजी स्क्रिप्टसाठीचं अझ्युअर खातं) वापरावा लागतो. त्याला फक्त ‘कनेक्टेड मशीन ऑनबोर्डिंग’ हा रोल द्या, त्याहून जास्त काही नको. या रोलला रिसोर्स प्रोव्हायडर (आर्कची सेवा वापरण्याआधी करायची नोंद) रजिस्टर करता येत नाही, म्हणून सबस्क्रिप्शनवर (अझ्युअरमधलं बिलाचं खातं) तेवढं काम आधी उरकून ठेवा. सर्व्हिस प्रिन्सिपलच्या सीक्रेटची (पासवर्डची) मुदत संपली तर जोडलेली मशीन तुटत नाहीत, कारण जोडणी झाल्यावर प्रत्येक मशीनला स्वतःची ओळख मिळते. अडतात फक्त नवी मशीन. क्लोन करायच्या इमेजमध्ये एजंट टाकून ठेवायला हरकत नाही, पण तो जोडलेला नको. जोडलेली इमेज क्लोन केली की अनेक मशीन एकाच ओळखीवर भांडतात आणि पोर्टलवरची माहिती सारखी बदलत राहते.

बंद ठेवलेल्या स्टँडबाय सर्व्हरकडे विशेष लक्ष द्या. एजंट दर ५ मिनिटांनी हार्टबीट (‘चालू आहे’ असा संदेश) पाठवतो. तो थांबला की १५ ते ३० मिनिटांत ‘डिसकनेक्टेड’ दिसतं, आणि ४५ दिवस तसंच राहिलं तर ‘एक्स्पायर्ड’ होऊ शकतं. मग नुसतं मशीन चालू करून भागत नाही, काढून पुन्हा जोडावं लागतं. महिन्यातून एकदा काही तास चालू ठेवलं तर हा प्रश्नच येत नाही.

आता हक्कांबद्दल. हे वाचल्याशिवाय कुणी डोमेन कंट्रोलर (कंपनीची सगळी विंडोज लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) जोडू नये, असं अगदी मनापासून वाटतं. एक्स्टेंशन सर्व्हरवर विंडोजमध्ये लोकल सिस्टम म्हणून आणि लिनक्समध्ये रूट म्हणून, दोन्हीकडे पूर्ण अधिकारांनी, चालतं. म्हणजे मशीन ज्या रिसोर्स ग्रुपमध्ये (सबस्क्रिप्शनमधला गट) आहे, त्यावर ज्याच्याकडे बदल करू देणारा ‘कॉन्ट्रिब्युटर’ रोल आहे, तो कस्टम स्क्रिप्ट एक्स्टेंशन लावून त्या मशीनवर हवं ते करू शकतो. बऱ्याच ठिकाणी हा रोल पूर्ण सबस्क्रिप्शनवर सढळ हाताने वाटलेला असतो. डोमेन कंट्रोलर तिथे आला, की त्या सगळ्यांच्या हातात डोमेनच्या किल्ल्या गेल्या. अशी मशीन वेगळ्या सबस्क्रिप्शनमध्ये ठेवा आणि एजंटवर मॉनिटर मोड लावा. मग फक्त मॉनिटरिंग आणि सुरक्षेची एक्स्टेंशन चालतात आणि गेस्ट कॉन्फिगरेशन बंद होतं. एवढं कडक नको असेल तर एक्स्टेंशनची अलाउलिस्ट (फक्त परवानगी असलेल्यांची यादी) करा, पण पॅच बसवणाऱ्या अपडेट मॅनेजरचं एक्स्टेंशन तीत घालायला विसरू नका, नाहीतर पॅचिंग थांबेल. दोन्ही सेटिंग सर्व्हरवरच बदलावी लागतात, क्लाउडमधून सैल करता येत नाहीत. आर्कच्या रचनेतली मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच.

उलट बाजूही आहे. सर्व्हरवरचा रूट ४०३४२ पोर्टवरच्या स्थानिक सेवेकडून त्या मशीनच्या ओळखीचं टोकन (प्रवेशाचा तात्पुरता पास) घेऊ शकतो. त्या ओळखीला की व्हॉल्टचे (पासवर्ड ठेवायची अझ्युअरची तिजोरी) हक्क देताना मशीनवर अ‍ॅडमिन कोण कोण आहेत ते आधी मोजा.

अपडेट मॅनेजर उपयोगी आहे, पण पॅच कुठून यायचे ते तो बदलत नाही. मशीन डब्ल्यूएसयूएसकडे (कंपनीचा स्वतःचा विंडोज अपडेट सर्व्हर) वळवलेलं असेल तर तिथे मंजूर झालेलेच पॅच दिसतात. ‘काहीही बाकी नाही’ असा अहवाल आला की आधी मंजुरी तपासा. मेंटेनन्स विंडो (पॅच बसवायची ठरलेली वेळ) जास्तीत जास्त ३ तास ५५ मिनिटांची, म्हणून क्युम्युलेटिव्ह अपडेट फार साचू देऊ नका.

लॉगचा खर्च मात्र हाताबाहेर जातो, आणि तोही पहिलं बिल येईपर्यंत कळत नाही. यादी आणि टॅग यांना पैसे पडत नाहीत. लॉग किती गोळा केले त्यावर पडतात. डेटा कलेक्शन रूलमध्ये (कोणते लॉग घ्यायचे ते ठरवणारा नियम) विंडोजचे इव्हेंट एक्सपाथने (निवडीच्या अटी लिहायची भाषा) गाळून घ्या आणि सिसलॉगची (लिनक्सचा लॉग) पातळी डीबगवर, म्हणजे बारीकसारीक सगळं नोंदवण्यावर, ठेवू नका.

हार्डन केलेल्या (सुरक्षेसाठी घट्ट केलेल्या) लिनक्सवर व्हार विभाग नोएक्झेक (तिथून प्रोग्राम चालू न देणारा पर्याय) लावून माउंट केलेला असतो. एक्स्टेंशन तिथेच उलगडून तिथूनच चालतात, त्यामुळे ती पडतात आणि पोर्टलवरच्या एररमध्ये कारण नीट सापडत नाही. ‘एझेडसीएमएजंट लॉग्ज’ने झिप काढून एक्स्टेंशनचाच लॉग वाचावा.

विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ अजून चालवत असाल तर आर्कचा वेगळा फायदा आहे. त्यांचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, आणि वाढीव सुरक्षा अपडेट आर्कमधून महिन्याच्या बिलावर घेता येतात. उशिरा नाव नोंदवलं तर मधल्या महिन्यांचेही पैसे भरावे लागतात. लायसन्स व्हर्च्युअल कोअरवर घेतलं तर प्रत्येक मशीनमागे किमान ८ कोअर धरतात, हे छोट्या मशीनच्या हिशेबात आधीच घ्या.

मशीन काढताना आधी एक्स्टेंशन काढा, मग सर्व्हरवर डिसकनेक्ट चालवा आणि शेवटी एजंट काढा. थेट डिसकनेक्ट केलं तर एक्स्टेंशन सर्व्हरवर तशीच राहतात. पोर्टलवरून रिसोर्स आधीच उडवला गेला असेल तर एजंटला ते कळत नाही; तेव्हा डिसकनेक्टला ‘फोर्स लोकल ओन्ली’ हा पर्याय जोडावा लागतो.