पद्मिनीचं मीटर: घरी उघडायचं, कारागिराकडे द्यायचं की दुसरं बसवायचं?

जुन्या गाडीचं मीटर बिघडलं की तीन सल्ले हमखास मिळतात. स्वतः उघडून बघ, मीटरवाल्याकडे टाक, नाहीतर बाजारातून दुसरं आणून लाव. तिन्ही सल्ले खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या दुखण्यांसाठी. म्हणून पूर्ण मीटरचा निर्णय एकदम घेऊ नका. कोणता काटा काय करतोय ते आधी पाहा.

कुर्ल्याच्या कारखान्यातून 1974 पासून पद्मिनी या नावाने निघालेली गाडी घ्या किंवा तिच्या वयाची दुसरी कुठलीही, स्पीडोमीटरची रचना एकच. गीअरबॉक्सपासून आलेली केबल मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. तिला रोखून धरते केसासारखी बारीक स्प्रिंग. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल, तो तुमचा वेग.

माझ्या गाडीचा काटा तिशी आणि पन्नाशीच्या मध्ये थरथरायचा. मी मीटर काढायच्या तयारीत होतो, पण दोष निघाला केबलमध्ये. आतली तार बाहेर ओढून फरशीवर सरळ ठेवली आणि एक टोक चिमटीत धरून हळूहळू फिरवलं. दुसरं टोक शांत फिरायच्या ऐवजी उडी मारत होतं. तार कुठेतरी मुडपलेली होती. नवी केबल टाकली आणि काटा स्थिर झाला. हे काम घरचंच आहे, त्यासाठी कारागिराची गरज नाही. तारेला ग्रीस पातळ लावायचं आणि मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवायची. फिरणारी तार ग्रीस वर चढवते. ते चुंबक आणि वाटीच्या मध्ये गेलं की वाटी जास्त ओढली जाते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवायला लागतो.

पेट्रोलच्या काट्याचंही तसंच. टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटकडून येणारी तार डॅशबोर्डपाशी सोडवा, किल्ली फिरवा आणि तार क्षणभर बॉडीला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला धावला तर मीटर ठणठणीत आहे. फ्लोट किंवा मागची वायरिंग बघा. हा प्रयोग टाकीजवळ करू नका, ठिणगी उडते. पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदम चुकायला लागले तर आधी अर्थिंग, म्हणजे मीटरची बॉडीला जोडलेली तार, तपासा. साठच्या दशकातल्या स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरांमध्ये बऱ्याचदा काट्यांना स्थिर 10 व्होल्ट देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. तो गेला की दोन्ही काटे सोबतच बिघडतात.

काच, रबर, बल्ब, काचेभोवतीच्या रिंगची पॉलिश हीसुद्धा घरी करण्यासारखी कामं. रिंग दाबून बसवलेली असेल तर कडा एका जागी उचकटू नका. गोल फिरत फिरत थोडी थोडी उचला. एक सावधगिरी मात्र घ्या. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) असलेल्या गाडीत चार्जिंगच्या लाल दिव्याला एलईडी लावू नका. अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच जातो, एलईडीने तो पुरेसा मिळेलच असं नाही.

आता डायल. इथे माझ्या हातून चूक झाली आहे आणि तिची हळहळ अजून जात नाही. धूळ काढायला ओला कपडा आणि काच पुसायचा फवारा वापरला, आणि 80 मधला 8 कपड्यावर आला. जुनी छपाई इतकी नाजूक असते. तेव्हापासून मी मऊ कोरड्या ब्रशशिवाय डायलला हात लावत नाही. ब्रशने निघत नाही तो डाग राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे. आणि गाडी चाळीस-पन्नासच्या दशकातली असेल, आकड्यांवर अंधारात चमकणारा जुना पिवळट रंग असेल, तर तो ब्रशनेही खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक विझली तरी रेडियम तिथेच असतं. ते निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात.

काटा उपसायची वेळ आली की मी मीटर कारागिराच्या हातात देतो. काटा शून्यावर टेकलेला दिसतो, पण खरं तर स्प्रिंगने तो खुंटीवर दाबून धरलेला असतो. खुंटीवरून उचलून सोडला की तो शून्याच्या खाली जाऊन थांबतो. ती जागा खूण करून ठेवली नाही तर परत बसवताना सगळे वेग चुकतात. घरी करायचंच असेल तर ही खूण आधी करा आणि नंतर फोनच्या जीपीएसवर चाळीस आणि साठला पडताळा घ्या. पण स्प्रिंग सैल झाली असेल, चुंबक कमजोर असेल किंवा टेम्परेचर मीटर बारीक तांब्याच्या नळीचं असेल, तर जाणकाराकडेच जा. ती नळी एकदा मुडपली किंवा तुटली की आतला द्रव निघून जातो आणि घरी ती भरता येत नाही. मीटर देण्याआधी डायलचे आणि किलोमीटरच्या आकड्यांचे फोटो काढा, आणि "डायल पुन्हा रंगवू नका" हे स्पष्ट सांगा. न विचारता रंगवणारे असतात.

दुसरं मीटर बसवण्याचा मार्ग मी शेवटचा धरतो. पुण्यात नाना पेठेत किंवा रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हिंडलं तर कधीकधी हाती लागतं, आणि डायल पार गेली असेल तर तोच उपाय. मात्र त्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात. बदलाची तारीख आणि दोन्ही आकडे गाडीच्या वहीत लिहा, विकताना घेणाऱ्याला दाखवा. डिजिटल मीटर रोजच्या वापराला सोयीचं आहे, हे मान्य. पण ज्या गाडीला तिची पन्नास वर्षं झाल्यावर विंटेज नोंदणी घ्यायची आहे, तिच्या डॅशबोर्डला भोक पाडायला माझा जीव धजावत नाही. 2021 च्या नियमात गाडी मूळ रूपात असावी असं म्हटलं आहे. बदल चालणार नाहीत म्हणून जे भाग सांगितले आहेत ते चॅसी, बॉडी आणि इंजिन. मीटरचा उल्लेख नाही, तरी भोक बुजवता येत नाही.

कुठलाही मार्ग धरलात तरी काढलेलं मीटर भंगारात देऊ नका. रिंग, काच, काटा, किलोमीटरची चाकं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डायल बटर पेपरात गुंडाळून सपाट ठेवा, त्यावर वजन नको.