नौपाड्यातल्या सीए मॅडम आणि माझे जर्मन युरो

मी इंग्रजीत फँटसी कादंबऱ्या लिहितो, राहायला कोपरीत. पहिल्या कादंबरीचे जर्मन हक्क विकले गेले तेव्हा घरी आमरस-पुरी झाली. मग स्टेटमेंट आलं. ॲडव्हान्स ३,००० युरो. त्यातून तिकडचा टॅक्स १५.८२५ टक्के, म्हणजे ४७४ युरो ७५ सेंट. एजंटचे वीस टक्के, ६०० युरो. हातात १,९२५. माझ्या तेव्हाच्या टॅक्सवाल्यानं (नाव नको) ही रक्कम 'इतर उत्पन्न'मध्ये टाकली, त्यावर इकडचाही टॅक्स भरायला लावला आणि म्हणाला, "लिखाण म्हणजे सर, हौसच ना?"

तेव्हापासून या मॅडमकडे जातोय. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत दुसरा मजला, लिफ्ट बहुधा बंद, चपला बाहेर. नाव त्यांनीच देऊ नका म्हटलंय. जुलैत आधीच जिन्यापर्यंत रांग असते.

पहिल्या भेटीत त्यांनी पॅन, आधार काही मागितलं नाही. "करारपत्र आणलंय?" अठरा पानं. ओळीखाली फूटपट्टी सरकवत सगळी वाचली, मी समोर गार चहा घेऊन बसलेलो. अकराव्या पानावर पट्टी थांबली. "पुस्तक दोन भागांत काढायचा हक्क त्यांना दिलाय. ॲडव्हान्स मात्र एकच?"

जाडजूड फँटसी अनुवादात दोन पुस्तकं करून विकायची जर्मनीत पद्धतच आहे. हे मला ऐकून माहीत होतं, तरी सही केली होती. माझी गोष्ट ठाण्याच्या खाडीखालच्या राज्याची. जर्मन मुखपृष्ठावर बर्फातला किल्ला आहे. त्यावर मी महिनाभर चिडलो, अकरावं पान नीट वाचलं नाही.

आता टॅक्सचं. एकाच उत्पन्नावर दोनदा टॅक्स बसू नये म्हणून भारत आणि जर्मनी सरकारांनी केलेल्या करारात रॉयल्टीवरची कपात दहा टक्क्यांपर्यंतच आहे. पण त्यासाठी बॉनच्या कर-कार्यालयाचा सवलतीचा कागद आधी हवा, आणि त्याला आपल्याकडचा, टॅक्सपुरता आपण भारताचे रहिवासी असल्याचा दाखला. तो आयकर अधिकारी देतो, अर्ज तेव्हा १०एफए नमुन्यात होता. मॅडमनी तो काढला. सात आठवडे लागले, तीनदा फोन करावा लागला. जास्तीचे पावणेदोनशे युरो इकडे वळते होत नाहीत, ते जर्मनीकडूनच परत मागायचे, हेही त्यांनीच सांगितलं. उरलेल्या दहा टक्क्यांचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे ते इकडच्या टॅक्समधून वळते करायचे, तर तेव्हा फॉर्म ६७ लागायचा. हा शब्द मी आधीच्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आणि तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम ८०क्यूक्यूबी! लेखकाला रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट. परदेशातून आलेले पैसे वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत भारतात आलेले असले पाहिजेत आणि करप्रणाली जुनी हवी. एकाच रकमेवर वजावट आणि क्रेडिट असे दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत, म्हणून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर सगळे हिशेब मांडून दाखवले. तो कागद मी जपून ठेवलाय.

पुरस्कारांवरून मात्र आमची जुंपते. वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा-फँटसी संमेलनाची वर्गणी मी दरवर्षी भरतो, कारण तिथल्या ह्यूगो पुरस्कारासाठी नामांकन आणि मत सभासदांनाच देता येतं. "बक्षीस किती?" मॅडमनी विचारलं. म्हटलं, रोख काही नाही, रॉकेटची ट्रॉफी मिळते. नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी या पुरस्कारांतही रोख काही नाही. आर्थर सी. क्लार्क पुरस्कारात पैसे असतात, साल तितके पौंड: २०२४ साली २,०२४. "हे बरंय, हिशेबाला सोपं. याला का नाही पाठवत?" ते विज्ञानकथेचं, आमच्या खाडीतल्या राणीला तिथं प्रवेश नाही. वर्गणी खर्चात धरायला त्या शेवटी राजी झाल्या, पण चेहऱ्यावर 'हौस' लिहिलेलं दिसलंच.

तक्रारी आहेत. व्हॉट्सॲपला उत्तर रात्री अकराला येतं, तेही 'ओके'. फी ६,५०० रुपये, दाखल्याचे वेगळे. पावती मागून मागून मिळते. नव्यानं जाणाऱ्यांनी शनिवार टाळा आणि बँकेकडून आलेल्या रकमेचं सर्टिफिकेट सोबत न्या, नाहीतर दुसरी फेरी नक्की.

पुढच्या आठवड्यात पोलिश हक्कांचा करार घेऊन जातोय. सही अजून केलेली नाही.